प्रबंधामागची पॅकेजं

नांदेडच्या विष्णुपुरीत स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे. १९९४ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाच्या कक्षेत नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली हे चार जिल्हे येतात. इथल्या भौतिकशास्त्र संकुलातले, लातूरच्या दयानंद विज्ञान महाविद्यालयातले आणि उदगीरच्या महाराष्ट्र उदयगिरी महाविद्यालयातले संशोधक बरीच वर्षं एका विषयावर चिकाटीने काम करत आले आहेत. दीर्घिकांच्या समूहांमध्ये तप्त वायू भरलेला असतो, मध्यावरच्या कृष्णविवरातून निघणारे झोत त्या वायूत पोकळ्या पाडतात, त्या पोकळ्यांचा हा अभ्यास. एनजीसी ६३३८, एबेल ३८४७ अशा समूहांवरचे त्यांचे निबंध आंतरराष्ट्रीय नियतकालिकांत छापून आले आहेत. निरीक्षणं ‘चंद्रा’ या क्ष-किरण दुर्बिणीची. ती २३ जुलै १९९९ रोजी अवकाशात गेली. तिचा डेटा ठरावीक मुदतीनंतर सगळ्यांना खुला होतो, त्यामुळे उदगीरच्या प्राध्यापकांना तो हार्वर्डमधल्या प्राध्यापकांइतकाच सहज उतरवून घेता येतो.

मला या गोष्टीचं फार मोल वाटतं. दुर्बीण नाही, मोठी प्रयोगशाळा नाही, पण एक बरा संगणक आणि इंटरनेट असलं तर मराठवाड्यातून विश्वाच्या अभ्यासात भर घालता येते. अडचण डेटा हाती आल्यावर सुरू होते. तो उघडायला, स्वच्छ करायला, त्यातून वायूचं तापमान काढायला जे प्रोग्राम लागतात ते आधी आपल्या संगणकावर चालले पाहिजेत. आपल्याकडे याला ‘सॉफ्टवेअर टाकणं’ म्हणतात, आणि ते कोणा जाणत्याने तासाभरात उरकायचं काम समजलं जातं. पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना विचारा. पहिल्या सत्रातला केवढा वेळ त्यात जातो ते सांगतील. एकाच प्रोग्रामच्या मागे डझनावारी दुसरी पॅकेजं असतात, त्या प्रत्येकाच्या मागे आणखी काही, आणि प्रत्येकाला दुसऱ्याची ठरावीक आवृत्तीच चालते. या साखळीला डिपेन्डन्सी म्हणतात.

चंद्राचंच उदाहरण जवळून पाहू. तिच्या डेटासाठी ‘सियाओ’ नावाचा प्रोग्रामसंच आहे. त्याच्या जोडीला ‘कॅलडीबी’, म्हणजे दुर्बिणीच्या उपकरणांच्या मोजमापांचा, काही गीगाबाइटचा साठा लागतो. वर्णपटाला गणिती प्रारूप बसवायला बहुतेक जण नासाच्या ‘हीसॉफ्ट’ संचातला ‘एक्सस्पेक’ वापरतात. हीसॉफ्ट मूळ संहितेपासून बांधायचं तर सी आणि फोरट्रानचे कंपायलर हवेत, पर्ल हवं, पायथन हवं, खिडक्या आणि आलेख दाखवणाऱ्या ग्रंथिका, म्हणजे लायब्ररी, हव्यात, शिवाय त्या ग्रंथिकांच्या ‘डेव्ह’ म्हणून वेगळ्या मिळणाऱ्या फायली हव्यात. यातली शेवटची गोष्ट नवख्याला कोणी सांगत नाही. ग्रंथिका संगणकावर आहे, तरी बांधणी करणारा प्रोग्राम ‘सापडत नाही’ म्हणत थांबतो आणि मुलगा दिवसभर डोकं धरून बसतो. शेवटी बांधणी झाली आणि दोन्ही संच एकाच टर्मिनलमध्ये सुरू केले, तर दोघेही आपापल्या ग्रंथिकांचे मार्ग पुढे सरकवतात. एकाने दुसऱ्याचीच ग्रंथिका उचलली की प्रोग्राम कोसळतो. दोन संचांना दोन वेगळी टर्मिनलं हा यावरचा जुना, साधा आणि अजूनही चालणारा उपाय.

सियाओने डिसेंबर २०१९ च्या ४.१२ या आवृत्तीपासून ‘कॉन्डा’ या पॅकेजं आणणाऱ्या साधनामार्फत उतरवण्याची सोय केली आणि बरीच कटकट मिटली. पण त्याच आवृत्तीत ‘चिप्स’ हा आलेख काढणारा जुना भाग काढून टाकला गेला, त्याच्या जागी पायथनचं मॅटप्लॉटलिब आलं. ज्यांच्या प्रबंधातल्या आकृत्या चिप्सच्या आज्ञावलीवर उभ्या होत्या त्यांच्यापुढे दोनच वाटा होत्या, जुनी आवृत्ती जपून ठेवायची किंवा आज्ञावली नव्याने लिहायची. त्या सुमारास पायथन २ चीही मुदत संपत होती. १ जानेवारी २०२० नंतर त्याची देखभाल थांबली आणि खगोलशास्त्रातली कितीतरी जुनी साधनं त्यासोबत अडचणीत आली. खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीचा डेटा आपोआप साफ करणारी ‘स्पॅम’ ही प्रणाली पायथन २ वर लिहिलेली. तिच्यावर २०१६ साली जवळजवळ सगळ्या आकाशाची रेडिओसूची तयार झाली, इतकी ती मोलाची. ती चालवायची तर जुनं पायथन संगणकाच्या एका कोपऱ्यात सांभाळून ठेवावंच लागतं.

इथवरची अडचण कंटाळवाणी आहे, पण निदान दिसते तरी. प्रोग्राम चालत नाही हे कळतं, आपण इलाज करतो. खरा घोर आहे तो प्रोग्राम चालतो, आकडा देतो आणि आकडा वेगळा असतो तेव्हा.

तप्त वायूचं तापमान काढताना एक्सस्पेक ‘अ‍ॅटमडीबी’ या अणुरेषांच्या कोशावर विसंबतो. २०११ साली या कोशाची दुसरी मोठी आवृत्ती आली. तीत लोहाच्या रेषांची माहिती सुधारली होती. त्याचा परिणाम असा झाला की एक-दोन कोटी अंश तापमानाच्या वायूचं, म्हणजे दीर्घिकांच्या लहान समूहांतल्या वायूचं, मोजलेलं तापमान आणि धातूंचं प्रमाण लक्षात येण्याइतकं बदललं. निरीक्षण तेच, प्रारूप तेच, विद्यार्थीही तोच, आणि मागचा कोश बदलल्यामुळे उत्तर बदललं. कॅलडीबीचंही तसंच. चंद्राच्या कॅमेऱ्यापुढच्या गाळणीवर वर्षानुवर्षं एक थर साचत गेला आहे, त्यामुळे कमी ऊर्जेचे क्ष-किरण अडतात. किती अडतात याचा हिशेब कॅलडीबीच्या नव्या आवृत्त्यांमध्ये सुधारला जातो. २०१० च्या साठ्याने काढलेलं तापमान आणि आजच्या साठ्याने काढलेलं तापमान शेजारी ठेवून कोणी निष्कर्ष काढला, तर ती तुलना दोन वायूंची आहे की दोन साठ्यांची, हा प्रश्न मौखिक परीक्षेत विचारायलाच हवा.

हे एकट्या खगोलशास्त्रात घडतं असं नाही. मेंदूच्या एमआरआय चित्रांवरून निरनिराळ्या भागांचं आकारमान मोजणारा ‘फ्रीसर्फर’ हा प्रोग्राम आहे. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तीच चित्रं त्याच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांतून काढली, तेव्हा आकारमानात सरासरी ८.८ टक्क्यांचा फरक पडला. संगणकाचा प्रकार आणि कार्यप्रणालीची आवृत्ती बदलली तरीही फरक दिसला, तो मात्र त्याहून कमी. रसायनशास्त्रातलं २०१९ चं उदाहरण त्याहून बोलकं आहे. रेणूंचे एनएमआर आकडे काढणाऱ्या, बऱ्याच जणांनी वापरलेल्या काही पायथन आज्ञावल्या फायली ज्या क्रमाने मिळतील त्या क्रमाने जोड्या लावत होत्या. तो क्रम कार्यप्रणाली ठरवते. विंडोजवर उत्तर बरोबर येई, उबंटूवर चुकीचं. हवाई विद्यापीठातल्या संशोधकांनी ते उघडकीला आणलं तेव्हा दीडशेच्या वर निबंध तपासून पाहण्याची वेळ आली. आपल्या विद्यापीठांतले रसायनशास्त्राचे आणि औषधनिर्माणशास्त्राचे प्रबंध पाहिले तर ‘डॉकिंग’ नावाचं प्रकरण हटकून असतं, कोणता रेणू कोणत्या प्रथिनाला किती घट्ट चिकटेल ते संगणकावर पाहणारं. त्यासाठी वापरला जाणारा ‘ऑटोडॉक व्हिना’ २०१० पासून आहे आणि २०२१ मध्ये त्याची १.२ ही नवी मालिका आली. प्रबंधात मात्र बहुधा नुसतं ‘ऑटोडॉक व्हिना वापरून’ एवढंच लिहिलेलं असतं. आवृत्ती नाही, शोधाच्या चौकटीची मापं नाहीत, यादृच्छिक क्रमाचं बीज तर नाहीच. असं प्रकरण दुसऱ्याला पुन्हा करून पाहता येत नाही, आणि पुन्हा करून पाहता न येणाऱ्या आकड्याला मी निष्कर्ष म्हणायला कचरतो.

या गुंत्यावर जगाने काय काय उपाय काढले ते पाहू. कोणतं पॅकेज कोणत्या आवृत्तीत घेतलं की सगळ्यांचं एकमेकांशी जमेल, हा प्रश्न गणिताच्या दृष्टीने अवघड गटातला आहे. पॅकेजं वाढली की शक्यता अफाट वाढतात आणि हमखास झटपट उत्तर देणारी रीत कोणाला माहीत नाही. तेव्हा प्रत्येक उपाय हा कुठे तरी केलेली तडजोड असते.

पहिली तडजोड लिनक्सच्या वितरणांची. डेबियन किंवा उबंटूची माणसं हजारो पॅकेजं एकमेकांशी जुळवून पाहतात आणि एकत्र प्रसिद्ध करतात. जे आहे ते नीट चालतं, पण वैज्ञानिक प्रोग्राम त्यात नसतात किंवा जुने असतात. मग मुलं ‘पिप’ या पायथनच्या साधनाने, तेही ‘सुडो’ लावून प्रशासकाच्या अधिकाराने, पायथनची नवी पॅकेजं थेट यंत्रणेच्या पायथनमध्ये टाकतात आणि उबंटूची स्वतःची साधनं मोडून ठेवतात. हे इतकं सर्रास व्हायला लागलं की २०२३ पासून डेबियन आणि उबंटूने अशी भर घालायला पिपला मनाईच केली. ती मनाई मोडायचा पर्याय असतो आणि मुलं तो शोधून वापरतात. त्यांनी तो वापरू नये एवढंच मी कळकळीने सांगेन.

दुसरी तडजोड म्हणजे सगळं बरोबर घेऊन येणं. डॉकिंगची तयारी करणारा ‘एमजीएलटूल्स’ हा संच स्वतःचं जुनं पायथन २ पोटात घेऊन येतो, म्हणून तो आजही लातूरच्या एखाद्या औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयातल्या विंडोज संगणकावर बिनतक्रार उघडतो. जागा जास्त खातो, त्यातल्या चुका जशाच्या तशा राहतात, पण चालतो.

तिसरी, आणि आज वैज्ञानिकांत सगळ्यात रुळलेली, कॉन्डाची. २०१२ साली आलेल्या या साधनाचा मुद्दा असा की पायथनच्या पॅकेजांसोबत सी आणि फोरट्रानच्या ग्रंथिकाही ते आणतं, प्रत्येक कामासाठी वेगळं एन्व्हायर्नमेंट, म्हणजे पॅकेजांचा स्वतंत्र संच, उभारतं, आणि हे सगळं वापरकर्त्याच्या होम फोल्डरमध्ये. प्रशासकाचा पासवर्ड लागत नाही. आपल्याकडच्या लॅबमध्ये तो पासवर्ड ज्यांच्याकडे असतो ते सर अनेकदा परीक्षेच्या किंवा निवडणुकीच्या कामावर गेलेले असतात, त्यामुळे ही सोय लहान नाही. तरी दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पहिली परवान्याची. ‘अ‍ॅनाकोंडा’ कंपनीने २०२० मध्ये आपल्या पॅकेजसाठ्याच्या अटी बदलल्या आणि दोनशेहून जास्त कर्मचारी असलेल्या संस्थांच्या व्यावसायिक वापराला शुल्क लावलं. शिक्षणासाठी सवलत आहे, पण अटींचा मजकूर त्यानंतरही बदलत आला. सामुदायिक ‘कॉन्डा-फोर्ज’ साठा आणि तो वापरणारा ‘मिनीफोर्ज’ घेतला की हा प्रश्नच उरत नाही. विभागाने सरसकट तेच घ्यावं असं माझं मत आहे. दुसरी गोष्ट शिस्तीची. एकाच एन्व्हायर्नमेंटमध्ये वर्षभर भर घालत राहिलं, आज कॉन्डाने, उद्या पिपने, की ते कधीतरी बसतंच. जून २०२४ मध्ये पायथनच्या ‘नमपाय’ या गणिती पॅकेजची २.० आवृत्ती आली, आणि जुन्या नमपायवर बांधलेली पॅकेजं त्यावर चालेनाशी झाली. ज्यांनी आवृत्त्या बांधून ठेवल्या होत्या त्यांना ते कळलंही नाही. ज्यांनी नुसतं ‘अपडेट’ केलं त्यांचा आठवडा गेला.

महासंगणकांची रीत निराळी आहे. तिथे एकाच यंत्रावर शेकडो लोक वेगवेगळ्या आवृत्त्या मागतात. त्यासाठी १९९१ पासून ‘मॉड्यूल’ ही सोय आहे. हवी ती आवृत्ती आज्ञा देऊन वर आणायची, काम झालं की उतरवायची. त्या आवृत्त्या बांधायला घेंट विद्यापीठाचं ‘ईझीबिल्ड’ आणि लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेचं ‘स्पॅक’ आलं. पुण्याच्या आयसरमधल्या ‘परम ब्रह्म’वर किंवा २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘परम रुद्र’ यंत्रांवर काम करायची संधी आपल्या विद्यार्थ्याला मिळाली, तर त्याला या भाषेची तोंडओळख आधी असायला हवी. नाहीतर मिळालेल्या वेळातला बराचसा वेळ कंपायलर शोधण्यातच जातो. कंटेनरची रीत त्यापुढची, अख्खी कार्यप्रणालीच एका फायलीत बांधून न्यायची. २०१३ चं डॉकर महासंगणकांना मानवलं नाही, कारण ते प्रशासकाचे अधिकार मागतं. म्हणून ‘सिंग्युलॅरिटी’ आलं, ज्याला २०२१ पासून ‘अ‍ॅपटेनर’ म्हणतात. नेदरलँड्समध्ये जन्मलेलं ‘निक्स’ आणि त्याच विचाराचं ‘गीक्स’ प्रत्येक पॅकेज कशापासून बांधलं याची मुळापर्यंत नोंद ठेवतात. तत्त्वाने मला हीच वाट सर्वांत शुद्ध वाटते, पण नवख्या विद्यार्थ्याच्या हाती ती आज देववत नाही. शिकायला जड, आणि अडलं तर विचारायला जवळपास माणूस नाही.

नांदेड-लातूरकडे पाहताना या सगळ्या साधनांची एक समजूत खटकते. ती सगळी अखंड, वेगवान इंटरनेट गृहीत धरतात. राष्ट्रीय ज्ञान जाळ्यामुळे विद्यापीठांच्या परिसरात बरी जोडणी आली, हे खरं. पण संलग्न महाविद्यालय अहमदपूरला असतं, देगलूरला असतं, किनवटला असतं. तिथला विद्यार्थी मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काही गीगाबाइटचा साठा उतरवतो, मध्येच वीज जाते, डाउनलोड पुन्हा पहिल्यापासून. संगणक विंडोजचा, त्यावर लिनक्स चालवण्याची सोय आता आहे पण रॅम पुरत नाही. अशा ठिकाणी सगळ्यात उपयोगी साधन सगळ्यात कमी सांगितलं जातं. तयार, तपासलेलं एन्व्हायर्नमेंट ‘कॉन्डा-पॅक’ने एका फायलीत बांधता येतं आणि पेनड्राइव्हवरून त्याच प्रकारच्या दुसऱ्या लिनक्स संगणकावर इंटरनेटशिवाय उघडता येतं. उबंटूची पॅकेजं एकदा उतरवून लॅबमधल्या इतर संगणकांना पुरवणारे ‘अ‍ॅप्ट-कॅशर’सारखे प्रोग्राम आहेत. कॅलडीबीची एक प्रत विभागाच्या डिस्कवर, तारखेच्या नावाने ठेवली की प्रत्येकाला ती वेगळी उतरवावी लागत नाही, आणि कोणी कोणता साठा वापरला तेही आपोआप नोंदलं जातं. यात फार खर्च नाही. कोणीतरी जबाबदारीने करणं मात्र आहे.

नोंद कशी ठेवावी याचा चांगला पाठ मराठीतच उपलब्ध आहे. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरिअल’ प्रकल्पाने सायलॅबसारख्या मुक्त प्रोग्रामांचे पाठ मराठीतही आणले. त्या पाठांच्या सुरुवातीलाच निवेदक सांगतो की मी उबंटूची अमुक आवृत्ती आणि प्रोग्रामची अमुक आवृत्ती वापरत आहे. पाठ जुना झाला तरी तो कशावर आधारला होता ते कळतं. प्रबंधाच्या पद्धती-प्रकरणात हे एक वाक्य, आणि परिशिष्टात एन्व्हायर्नमेंटची पूर्ण यादी, एवढं विद्यापीठाने सक्तीचं करायला काय हरकत आहे? कॉन्डा ही यादी एका आज्ञेत काढून देतो, आवृत्त्यांसकट, ज्या पत्त्यावरून पॅकेज आलं त्या पत्त्यासकट. यादीसोबत पॅकेजंही जपावीत, कारण बाहेरचे साठे कायमचे नसतात. आर भाषेच्या पॅकेजांच्या रोजच्या प्रती ठेवणारा मायक्रोसॉफ्टचा साठा २०२३ मध्ये बंद झाला, तेव्हा त्याच्या भरवशावर लिहिलेल्या आज्ञावल्या एका दिवसात पोरक्या झाल्या.

नांदेडच्या विद्यापीठाच्याच कक्षेत, हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथजवळ, ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहते आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिला २,६०० कोटी रुपयांची अंतिम मंजुरी दिली. गुरुत्वीय लहरींच्या विश्लेषणाचं सॉफ्टवेअर एकेकाळी बांधायला अत्यंत अवघड होतं. आज जगभरचे गुरुत्वीय लहरी गट कॉन्डा-फोर्जवर एकत्र आले आहेत. ठरावीक काळाने ते एक एन्व्हायर्नमेंट पक्कं करतात, नावात तारीख घालतात, मग त्यात बदल करत नाहीत, आणि ते जाळ्यावरच्या सामायिक फाइल-प्रणालीतून सगळ्या केंद्रांना पुरवतात. नवं हवं असेल तर नव्या तारखेचं वेगळं. निबंधात ते नाव लिहिलं की कोणता कोश, कोणती ग्रंथिका, सगळं कळतं. औंढ्याचा डेटा यायला अजून वर्षं आहेत, पण चंद्राच्या डेटावर हीच रीत आजपासून राबवायला कोणाची परवानगी लागत नाही.

माणूस लागतो, आणि आपलं घोडं तिथेच अडतं. सध्या हे काम एखादा हुशार संशोधक विद्यार्थी करतो, पदवी मिळाली की जातो, आणि त्याच्या डोक्यातली सगळी माहिती त्याच्यासोबत जाते. मागे राहतो तो कोणालाच कळत नाही असा फोल्डर. ब्रिटनमध्ये २०१२ च्या सुमारास ‘संशोधन सॉफ्टवेअर अभियंता’ हे पद नाव देऊन मागायला लोकांनी सुरुवात केली आणि आता तिथल्या बऱ्याच विद्यापीठांत त्यांचे गट आहेत. विष्णुपुरीतच, १९८१ पासून, श्री गुरु गोबिंद सिंगजी अभियांत्रिकी संस्था आहे. तिथून दर वर्षी संगणकाचे पदवीधर बाहेर पडतात आणि पुण्या-हैदराबादच्या गाड्या धरतात. विद्यापीठाच्या आकृतिबंधात अशी एक जागा, चार जिल्ह्यांतल्या सगळ्या विज्ञान विभागांसाठी मिळून एक, धरली तरी त्यातला एखादा इथे थांबेल. विभागाची डिस्क सांभाळणं, दर सत्राला एन्व्हायर्नमेंट पक्कं करून तारखेने ठेवणं, ते पेनड्राइव्हवर उदगीर आणि किनवटला पोचवणं आणि प्रबंध सादर होण्याआधी त्यातला एक आलेख दुसऱ्या संगणकावर पुन्हा काढून पाहणं, एवढी त्याची कामं असावीत.